घर कोण सजवतं? शहाबाद, बर्मा, किल्लारी आणि यमुनानगर

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.)

एक साधं काम करा. घरातून एक चक्कर मारा आणि दिसेल त्या दगडालाकडाचं नाव मोठ्यानं म्हणा. अंगणात शहाबादी. ओट्यावर कडप्पा. जिन्याला कोटा. देवघरात मकराना. कोकणातल्या पाहुण्यांच्या घरावर मंगलोरी कौलं. आणि दाराचं विचारलं तर सुतार म्हणणार, "बर्मा टीक पाहिजे की सीपी?"

लक्षात आलं का? ही सगळी गावांची नाहीतर मुलखांची नावं आहेत. शहाबाद कलबुर्गीच्या पलीकडे, कडप्पा आंध्रात, कोटा आणि मकराना राजस्थानात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला नागपूरकडचा प्रांत. तो नकाशावरून जाऊन पाऊणशे वर्षं झाली, लाकडाच्या वखारीत मात्र अजून जिवंत आहे.

आज हे लिहायचं कारण असं. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता इंटिरियर डिझायनर आलेत. नवीन घर बांधणारी तरुण मंडळी त्यांना सांगतात, "सगळं इको-फ्रेंडली पाहिजे." आणि सहा महिन्यांनी घरभरणीला गेलं की दिसतं काय? प्लायवूड, लॅमिनेट, पीव्हीसीचं सिलिंग आणि मोरबीच्या टाइल्स. मग लोक म्हणतात, डिझायनरला कळत नाही, नाहीतर गिऱ्हाईक ढोंगी आहे. मला दोन्ही पटत नाही. घरात काय येणार हे आवडीच्या आधी दुसरंच कुणीतरी ठरवतं. रस्ता ठरवतो, रेल्वे ठरवते, कायदा ठरवतो, कधीकधी भूकंप ठरवतो. दुकानात जे येतं, त्यातून आपण निवडतो. हा आजचा प्रकार नाही, पार पेशवाईपासून असंच चालत आलंय.

पुण्याचा शनिवारवाडा घ्या. पहिल्या बाजीरावानं १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वाडा उभा राहिला. त्याचं साहित्य कुठून आलं ते नोंदलेलं आहे. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीकडून. सगळं पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आतलं. उत्तरेत घोडी दौडवणारा पेशवा, पण घराला लागणारं जड सामान जवळूनच आणलं. कारण दगड आणि लाकूड बैलगाडीनं येतं आणि बैलगाडीच्या अंतराला मर्यादा असते.

पेशव्याची ही गत, तर आपल्या बार्शी भागातल्या कुणब्याचं काय असणार? शेतातला नाहीतर ओढ्याचा काळा दगड, चिखलाचा सांधा, बाभळीचे नाहीतर लिंबाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या आणि पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हेच आपलं माळवद. पांढरी माती गावाच्या जुन्या पांढरीतून, गढीच्या ढिगातून खणून आणायची. आत शेणानं सारवलेली जमीन, भिंतीत कोनाडे, देवळ्या, खुंट्या. कपाट असं वेगळं नव्हतंच. भिंत हातभर जाड होती, त्यामुळे भिंतीतच कपाट झालं. ज्याची ऐपत जास्त, त्याच्याकडे सागाचे खांब आणि चुन्याचा गिलावा. चुना मळायला बैलाची घाणी, चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. उन्हाळ्यात बेचाळीस डिग्रीला माळवदाखाली पंख्याशिवाय झोप लागायची, हे आपल्या आधीच्या पिढीला माहीत आहे.

याला कुणी "सस्टेनेबल" म्हणत नव्हतं. दुसरं काही मिळतच नव्हतं, हे त्याचं खरं कारण. आजोबांना पर्यावरणाची फार काळजी होती अशातला भाग नाही.

हे पहिल्यांदा बदललं ते रेल्वेनं. जीआयपी रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडच्या रेल्वेला जाऊन मिळाली. या रुळांवरच, कलबुर्गी आणि वाडीच्या मधे, शहाबाद आहे. तिथला चुनखडीचा दगड थरांत निघतो, फार न घडवता सपाट फरशी मिळते. पण दगड जड. बैलगाडीनं शंभर कोस नेला तर दगडापेक्षा भाडं जास्त. रुळांवर तोच दगड सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत जाऊ लागला. पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि मालगाडीची सोय कुर्डुवाडीहून थेट आपल्या पेठेपर्यंत आली. सारवलेल्या जमिनी जाऊन फरश्या आल्या त्या याच काळापासून, हळूहळू. आधी ओसरीला, मग न्हाणीला, मग स्वयंपाकघरात.

किनाऱ्यावर हेच काम समुद्रानं केलं. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावती नदीकाठी कौलांचा कारखाना काढला. नदीची चिकणमाती तिथेच, गलबतं दारात. ती लाल कौलं गोवा, कोकण करत मुंबईपर्यंत गेली. कोकणातलं "पारंपरिक" घर म्हणून आज रिसॉर्टवाले जे दाखवतात, त्याच्या डोक्यावरचं कौल हे असं मिशनरी कारखान्यातून आलेलं आहे. भिंतीचा जांभा दगड मात्र तिथल्याच जमिनीतला.

आता लाकडाची गोष्ट. ही जरा कडू आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये निघाली आणि बर्माच्या जंगलातला साग तोडून मुंबईला आणू लागली. १८८५ मध्ये बर्माच्या दरबारानं या कंपनीला मोठा दंड ठोकला. पैसे भरले त्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा आरोप होता. इंग्रजांना निमित्तच पाहिजे होतं. त्याच वर्षी युद्ध झालं, थिबा राजा पकडला गेला, आणि १८८६ पासून तो कुठे राहिला? आपल्या रत्नागिरीत. १९१६ मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीला सहलीला गेल्यावर थिबा पॅलेससमोर आपण फोटो काढतो. त्या फोटोच्या मागे सागवानाचा हा झगडा आहे. राजा इकडे आला आणि त्याच्या जंगलाचं लाकूडही इकडे येत राहिलं. मुंबई-पुण्याच्या कितीतरी चाळी, बंगले, जिने, कठडे यांत बर्माचा साग आहे.

१९४२ मध्ये जपाननं बर्मा घेतला आणि हा पुरवठा तुटला. मग वजन वाढलं आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं. बल्लारशा आणि आलापल्ली ही नावं तेव्हापासून आजपर्यंत लाकडाच्या धंद्यात मानानं घेतली जातात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड तिथूनच गेलं. पण हा साग सामान्य माणसाच्या आवाक्यातून केव्हाच गेला. आणि गंमत बघा, तीच बॉम्बे बर्मा कंपनी पुढे लॅमिनेटच्या धंद्यातही होती. लाकूड महागल्यावर लाकडासारखा दिसणारा कागद.

दुसरीकडे सिमेंट येत होतं. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र होऊन एसीसी झाली, त्यात शहाबादची कंपनीही होती. म्हणजे ज्या चुनखडीच्या मुलखानं आपल्याला फरशी दिली, त्यानंच सिमेंटही दिलं. सिमेंट आल्यावर चुन्याची घाणी बंद पडली. घाणी बंद पडली तसा चुना मळणारा गवंडी गेला, आणि गवंडी गेल्यावर कुणाला चुन्याचा गिलावा पाहिजे असला तरी करणार कोण? वस्तू बाजारातून जाते तेव्हा ती वापरणारा हातही जातो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिमेंटची फरशी हा याच काळातला बदल. नक्षीच्या रंगीत टाइल्स आधी विलायतेहून यायच्या. १९२२ मध्ये सिधवा या पारशी कुटुंबानं भारत टाइल्सचा उद्योग उभा केला, कारखाना उरणला. स्वदेशीचा काळ होता. पुढे मोझेक तर तालुक्यातालुक्यात बनू लागलं. सिमेंट, संगमरवराची चुरी, एक साचा आणि घासायला मशीन, एवढ्यावर कारखाना. आपल्या वयाच्या बहुतेकांचं बालपण त्या ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर गेलंय.

पण सिमेंट तरी सहज कुठे मिळत होतं! परमिट लागायचं. गोणीसाठी तहसीलच्या चकरा मारलेले वडीलधारे अजून आहेत आपल्यात. सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात बिल्डरांकडून ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याचं प्रकरण एवढं तापलं, की हायकोर्टाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच महिन्यात केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण काही प्रमाणात उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. त्यानंतर स्लॅब ही श्रीमंतांची गोष्ट राहिली नाही.

आता जो टप्पा सांगतोय, तो सांगताना आपल्या भागात आवाज आपोआप खाली येतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. एवढी का गेली? गोल दगड चिखलात रचलेल्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवद. गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर मातीचा नवा थर पडायचा, वजन वाढत जायचं. भिंती दुभंगल्या आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

म्हणून कुणी शहरातून येऊन आपल्याला सांगतो की "मातीच्या घराकडे परत चला", तेव्हा मला राग येत नाही, पण त्याला किल्लारी सांगावीशी वाटते. ज्या बाईनं माळवदाखालून आपली माणसं ओढून काढली, तिला मातीचं कौतुक कसं सांगणार? तिनं पत्रा निवडला, स्लॅब निवडला, बरोबर केलं. जवळचं साहित्य म्हणजे आपोआप चांगलं असं नसतं. दोष एकट्या दगडाचा नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड नव्हते, चारही भिंती बांधून ठेवणारा पट्टा नव्हता, छताचं वजन कुणी मोजत नव्हतं. हे सगळं नीट करून दगडाचं घर बांधता येतं. पण ते शिकवणारा माणूस गावात हवा, आणि तो नव्हता. सिमेंट मात्र दुकानात होतं.

तीन वर्षांनी वेगळाच धक्का बसला, तो कोर्टातून. १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टानं देशभरातली मंजूर आराखड्याशिवायची जंगलतोड थांबवली, विनापरवाना आरागिरण्या बंद करायला लावल्या आणि ईशान्येतल्या राज्यांतून लाकूड बाहेर न्यायला मनाई केली. तोपर्यंत प्लायवूडचा मोठा धंदा आसाम, अरुणाचलच्या जंगलावर चालला होता. वाटलं, आता प्लायवूड संपलं. पण संपलं नाही. हरियाणातलं यमुनानगर पुढे आलं. का? कारण त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी आधीच बांधावर आणि शेतात पोपलर लावला होता, काडेपेटीच्या धंद्यासाठी. निलगिरीही होती. जंगलाचं दार बंद झालं तेव्हा शेतातलं लाकूड तयार होतं. आज तुमच्या कपाटातलं प्लाय बहुधा जंगलातलं नाही, कुठल्यातरी शेतकऱ्याच्या रानातलं आहे. चिकटवायला वापरलेल्या रसायनाचा प्रश्न वेगळा, तो आहेच. भारी प्लायसाठी लागणारं गर्जन लाकूड बर्मातून येत राहिलं, पण म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि तोही रस्ता आटला.

टाइल्सचंही तसंच. गुजरातच्या मोरबीत पूर्वी नळ्या-कौलं बनायची, आज देशातल्या बहुतेक टाइल्स तिथून येतात. ट्रकनं दोन दिवसांत माल आपल्या दारात. तिथल्या कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या २०१९ मध्ये हरित लवादानं बंद करायला लावल्या, तेव्हा कारखाने नैसर्गिक गॅसवर गेले. गिऱ्हाइकानं मागणी केली म्हणून हे झालं नाही, हुकमामुळे झालं.

आता परत येऊ आपल्या डिझायनरकडे. त्याच्या जागी उभं राहून बघा. समजा त्यानं ठरवलं, स्वयंपाकघराची दारं बांबूच्या बोर्डाची करू. दुकानात बोर्ड नाही. पुण्याहून मागवायचा तर गाडीभाडं. साइज प्लायसारखी आठ बाय चारची मिळेलच असं नाही. सुतार म्हणतो, मी हे कधी केलं नाही, वाकलं तर मला सांगू नका. घरमालक म्हणतो, दिवाळीच्या आत पाहिजे. आणि प्लायवाला दुकानदार कोपऱ्यावर उभा आहे, उधारी देतो, उरलेलं परत घेतो, रात्री आठला फोन केला तरी माल पाठवतो. सांगा, डिझायनर काय निवडणार?

बांबू मागे का पडला याचंही कारण आवडीनिवडीत नाही. १९२७ च्या वन कायद्यात बांबू "झाड" म्हणून लिहिला होता. प्रत्यक्षात ते गवत. पण झाड म्हटल्यावर शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचा बांबू तोडून न्यायचा तरी वाहतुकीच्या परवान्याची कटकट. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला. नव्वद वर्षं! त्या नव्वद वर्षांत प्लायवूडची अख्खी साखळी तयार झाली आणि बांबू टोपलीत, सुपात आणि मांडवात अडकून पडला. तरी सिंधुदुर्गात कुडाळला कॉनबॅकसारख्या संस्थेनं बांबूवर प्रक्रिया करून फर्निचर, घरं करून दाखवली. नव्या संसद भवनात फरशीचा बांबू त्रिपुराचा आणि सागवान नागपूरचं. म्हणजे वस्तू आहे, दर्जा आहे, आपल्या पेठेत यायची वाट नाही.

वाट करता येते का? येते. राखेच्या विटांचं उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. १९९९ मध्ये केंद्रानं नियम केला की औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत बांधकामात राख वापरलीच पाहिजे. पुढे ते अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटर केलं. सोलापूरला एनटीपीसीचं वीज केंद्र आलं, राख जवळच मिळू लागली. आज राखेची वीट मागितली तर कुणी तोंडाकडे बघत नाही. गवंड्यालाही सवय झाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. "पर्यावरणपूरक घर" ही श्रीमंताच्या हौसेची गोष्ट ठेवायची नसेल, तर उपदेश बंद करून पुरवठ्याकडे बघावं लागेल. तीन गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत.

पहिली, सरकारी दरसूची. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या डीएसआरमध्ये जी बाब नाही, ती इंजिनिअर अंदाजपत्रकात धरत नाही. धरली तर वेगळा दर काढा, वरून मंजुरी आणा, उद्या ऑडिटला उत्तर द्या. कोण भानगडीत पडेल? म्हणून पुढच्या वेळी शाळेचं, नगरपालिकेचं, दवाखान्याचं टेंडर निघेल तेव्हा निदान विचारा: चुन्याचा गिलावा, प्रक्रिया केलेला बांबू, आपल्या जवळच्या खाणीतला दगड यांतलं यात काय धरलंय? सरकारनं चार इमारतींत वापरलं की ठेकेदार माल ठेवतो, गवंडी शिकतो, आणि मग तो आपल्या घरापर्यंत येतो.

दुसरी, हात. वर म्हटलं होतं ते वाक्य आठवा. चुना मळता येणारे, दगडाला दगड नीट बांधणारे थोडे म्हातारे कारागीर अजून आपल्या भागात आहेत. आयटीआयच्या पोरांना त्यांच्या हाताखाली महिनाभर बसवायला कितीसा खर्च येणार आहे? शेवटचा म्हातारा गेला की मग पुस्तकातून शिकावं लागेल.

तिसरी आपल्या हातातली. पेठेतले जुने वाडे धडाधड पडतायत. त्यातला साग घनफुटाच्या भावानं ट्रकमध्ये जातो आणि कुठल्यातरी हॉटेलात "अँटिक" म्हणून पाचपट किमतीला लागतो. वाडा पाडायचाच असेल तर पाडा, वाटण्या झाल्यात, दुरुस्ती परवडत नाही, सगळं मान्य. पण खांब, तुळया, दारं गावातच राहू द्या. नव्या घराची चौकट, देवघर, जिन्याचा कठडा त्यातून होतो. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आहे ते, आणि त्यासाठी नवीन झाड पाडावं लागत नाही.

आपल्या नातवंडांनी उद्या घरातून चक्कर मारली, तर त्यांच्या तोंडी कुठल्या गावांची नावं येतील? नुसतं मोरबी आणि यमुनानगर? की आपल्या तालुक्यातलंही एखादं असेल?

तुमच्या घरात किंवा गावात जुनं साहित्य पुन्हा वापरलेलं असेल, चुन्याचं काम करणारा कारागीर माहीत असेल, तर कमेंटमध्ये नक्की सांगा. कारागिराचा नंबर मात्र उघड टाकू नका, आधी त्याला विचारा आणि मग मला मेसेज करा. यादी करून ठेवू. कुणाच्या तरी घराला उपयोगी पडेल.